विहिरीचं पाणी कुणाचं, तेही लिहा

नांदेड
३ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई आणि बापूंना,
साष्टांग नमस्कार.

काल कार्तिकी झाली. तिकडं हरभऱ्याची पेरणी चालू असेल आणि बापू हयातीच्या दाखल्यासाठी आधार कार्ड शोधत असतील. (देवघराच्या खालच्या खणात आहे, विम्याच्या पावत्यांखाली.) हे पत्र त्या दाखल्यावरूनच सुचलं. दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे सरकारला कळवावं लागतं, त्याला कुणी अशुभ म्हणत नाही. मग आपल्यामागं काय करायचं हे एकदा कागदावर उतरवणं अशुभ कसं? फोनवर विषय काढला की आईला नेमकी शेतातली मोटार चालू करायची असते. म्हणून लिहून पाठवते. बापूंनी मोठ्यानं वाचावं, आईनं ऐकावं.

तसं आपल्या भागात मरणाचं वावडं नाही. जनाबाईंचं गंगाखेड हाकेच्या अंतरावर, नामदेवांचं नरसी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. नाथांनी पैठणला गंगेत (म्हणजे आपल्या गोदावरीत) देह ठेवला ती फाल्गुन वद्य षष्ठी आपण यात्रा भरवून पाळतो. देह जाणारच, हे कीर्तनात मान डोलावून ऐकणारी माणसं आपण. पण आजोबा जाऊन पंधरा वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर त्यांचंच नाव, असं प्रत्येक गावात दहा ठिकाणी दिसेल. परमार्थात पुढं आणि तलाठ्याकडं मागं. (आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गाव तलाठीच म्हणणार.)

जमिनीपासून सुरू करते, कारण भांडणही तिथूनच सुरू होतं. माणूस गेल्यावर वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं, असं जमीन महसूल संहितेचं कलम १४९ सांगतं. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, आठ-अ (खातेउतारा), सगळ्या वारसांची नावं-पत्ते आणि शपथपत्र द्यायचं. ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्याही अर्ज होतो. तलाठी गाव नमुना ६-क मध्ये वारस लिहितो, मग फेरफार (नाव बदलाची नोंद) धरतो, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. यात अवघड काही नाही. अडतं ते भलतीकडंच. आधारवर एक नाव आणि सातबाऱ्यावर 'राव' लावलेलं दुसरं. एखादा वारस आधीच वारलेला असतो आणि त्याची बायको-मुलं लिहायची राहून जातात. आणि सगळ्यांत जास्त वेळा लेकींची नावं 'विसरतात'. त्या विसरण्याचा दावा वीस वर्षांनी भाच्यांवर येऊन पडतो. फेरफार हा महसुलाचा कागद आहे, मालकीचा शेवटचा शब्द नव्हे. नाव लागलं नाही म्हणून हक्क जात नाही आणि लागलं म्हणून नवा हक्क येत नाही. तरीही नाव वेळेत लागायला हवं. शेतकरी ओळख क्रमांक असो की अतिवृष्टीचं अनुदान, दोन्ही सातबाऱ्यावरच्या जिवंत माणसाला मिळतं. गेलेल्या माणसाच्या नावानं आलेली रक्कम अडकून पडते.

आपल्या वरच्या गटाच्या उताऱ्यावर बापूंच्या नावापुढं 'एकुमॅ' लिहिलंय, ते एकदा नीट बघा. एकुमॅ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ती जमीन एकट्या बापूंची नाही, त्यांचं नाव फक्त कुटुंबाच्या वतीनं लागलंय. दोन्ही आत्यांचं काय ठरलं होतं, ते त्या बोलत्या-चालत्या आहेत तोवर विचारा आणि कागदावर आणा. आत्या गेल्या की तोच प्रश्न त्यांच्या सात मुलांना विचारावा लागेल, आणि सात जणांची उत्तरं सात निघतील.

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतले उर्दू कागद रद्दीत घालू नका. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळं इकडच्या जमिनींची मुळं त्या कागदांत आहेत. कूळ, इनाम, देवस्थानची जमीन असा वाद निघाला की १९५४-५५ चं खासरा पाहणीपत्रक (तेव्हाची जमिनीची नोंद) काढतात. त्याची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळते, पण घरातला मूळ कागद घरातच बरा.

आता मृत्युपत्र. याला स्टँप लागत नाही, साध्या कागदावर चालतं. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडं करून घ्यावी. अंगठा-फोटो होतो, त्यामुळं 'ही सही त्यांची नाहीच' म्हणायला जागा उरत नाही. वर आधारप्रमाणं पूर्ण नाव, वय, शुद्धीत आणि स्वखुशीनं लिहितो हे वाक्य, आणि यापूर्वीचं मृत्युपत्र असल्यास रद्द हे वाक्य. मग एकेक मालमत्ता: गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, चतुःसीमा. 'वरचं वावर थोरल्याला' असं नको. वरचं कोणतं ते तुम्हाला दोघांना माहीत, कोर्टाला नाही. ज्याला दिलं तो आधी गेला तर कुणाला, तेही एका ओळीत. प्रत्येक पानावर सही, शेवटी तारीख, आणि दोन साक्षीदार, ज्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलं. पुढं वाद झाला तर साक्षीदार हयात असल्यास त्यांच्यापैकी निदान एकाला कोर्टात उभं राहावं लागतं, म्हणून बापूंच्या वयाचे मित्र घेऊ नका. चाळिशीतले घ्या, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला घेऊ नका. त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलं तर उत्तम. कायदा ते मागत नाही, पण 'म्हातारपणी भुलवून लिहून घेतलं' या आरोपाला ते उत्तर असतं.

बापूंनी स्वतः घेतलेली खालची जमीन ते हवी त्याला देऊ शकतात. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या जमिनीतला मात्र स्वतःचा हिस्सा तेवढाच लिहिता येतो. मृत्युपत्र नसेल तर बापूंचं जे असेल ते आई, दादा आणि मी असं सारखं वाटलं जाईल. ९ सप्टेंबर २००५ पासून लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत लेकाएवढाच जन्मसिद्ध हक्क आहे. त्या दिवशी बाप जिवंत असायलाच हवा होता का, हा घोळ सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला मिटवला: गरज नाही.

हे माझ्या हिश्शासाठी लिहिते असं वाटलं तर वाटू द्या. इकडची रीत अशी की बाप गेला की महिन्या-दोन महिन्यांत बहिणीला गाडीत घालून तालुक्याला नेतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. सही केली तर माहेर राहतं, नाही केली तर तुटतं. ते पत्र नोंदवावंच लागतं, स्टँपपेपरवर घरी केलेली सही कुचकामी. म्हणून तर गाडी काढतात. दादा असं करील असं मी म्हणत नाही. पण बहीण-भावाच्या मायेची परीक्षा निबंधकाच्या टेबलावर कशाला? लेकीला द्यायचं तर तसं लिहा, नाही द्यायचं तर कारण देऊन तसं लिहा. तुमच्या तोंडून आलेलं 'नाही' मला पचेल. ते दादाच्या तोंडून येऊ नये.

आणि विहीर! जमीन वाटून लिहिणारा माणूस विहीर हमखास विसरतो. विहीर खालच्या गटात, वरच्या गटाला तिचंच पाणी. दोन गट दोघांच्या नावावर गेले की पहिल्या उन्हाळ्यातच धुऱ्यावर (बांधावर) कुऱ्हाडी निघतात. म्हणून विहिरीतला हिस्सा किती, ते लिहा. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यातही ती नोंद लागायला हवी. पाण्याची पाळी लिहा. ती तासांत लिहू नका, कारण लाइट एका आठवड्यात दिवसा आणि दुसऱ्यात रात्री. सकाळचे चार तास कुणाचे म्हटलं तर अर्धं वर्ष ते तास अंधारातच जातील. पूर्ण दिवस-रात्रीची पाळी लिहा, तीन दिवस याचे, तीन त्याचे, सातव्याचं काय तेही. विजेचं मीटर कुणाच्या नावावर राहील, मोटार जळाली तर खर्च कसा वाटायचा, पाइप कुणाच्या वावरातून गेलाय आणि तो उकरायची मुभा कुणाला. बैलगाडीची वाट किती फूट. आखाडा (शेतावरचा गोठा-खोपट) कुणाचा, आखाड्यावरचे आंबे कुणाचे. हसू नका. एका आंब्याच्या झाडावरून दोन पिढ्या बोलत नसलेली घरं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत.

राहतं घर बापूंनी आईच्या नावे पूर्ण मालकीनं लिहावं, असं माझं मत. 'हयातभर राहण्याचा हक्क' असं मोघम वाक्य मायाळू वाटतं, पण तो हक्क मर्यादित की पूर्ण यावरूनच वर्षानुवर्षं दावे चालतात. हयातीत मात्र कुणाच्याही नावावर काही करून देऊ नका. दादाच्या नाही, माझ्याही नाही. बक्षीसपत्र दिलंच तर 'मला सांभाळायच्या अटीवर' हे शब्द त्यात हवेत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं ते रद्द करून घ्यायचं झालं तर ती अट कागदावर दिसावी लागते.

आई, तुझं वेगळं मृत्युपत्र हवं. बाईचं कसलं मृत्युपत्र, म्हणशील. एकदाणी, पाटल्या, माहेरचे चांदीचे ताट-वाट्या आणि पोस्टातली तुझ्या नावची ठेव, हे सगळं तुझं आहे, बापूंचं नाही. सोनाराकडून वजन करून एका कागदावर लिही आणि कुणाला काय ते तुझ्या मनानं ठरव. सुनेला दे, नातीला दे. मला विचारू नकोस.

बँकेचं थोडक्यात. पेन्शनचं खातं दोघांच्या नावे, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' या पद्धतीचं ठेवा. मुदत ठेवींच्या पावत्याही तशाच, जुन्या पावत्या खास तपासा. परवा १ तारखेपासून बँकेच्या ठेवींना चारपर्यंत माणसं नामनिर्देशित (नॉमिनी) करता येतात आणि कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. पण नामनिर्देशित माणूस मालक होत नाही, तो वारसांच्या वतीनं पैसे हातात घेतो एवढंच. म्हणून नामनिर्देशन आणि मृत्युपत्र एकमेकांविरुद्ध बोलू नयेत. दहा वर्षं न हललेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. त्या परत मिळतात, नुसती दगदग वाढते. बापूंच्या पेन्शनच्या कागदात आईचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का बघा, नाहीतर कुटुंब निवृत्तिवेतन त्या एका अक्षरावर अडेल. आणि माणूस गेल्यावर त्याच्या कार्डानं एटीएममधून पैसे काढायचे नाहीत, क्रियाकर्माच्या खर्चालासुद्धा नाही. पुढच्या महिन्याची पेन्शन चुकून जमा झाली तर ती परत घेतात.

आता दवाखाना. हे लिहिताना हात जड होतो, पण तुमचं मन काय आहे हे न कळताच तुमच्या छातीवर यंत्र लावायला होकार देणं त्याहून जड. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ ला मान्य केलं की माणूस शुद्धीवर असताना आधीच लिहून ठेवू शकतो: बरं होण्याची आशा संपल्यावर मला नुसतं यंत्रांवर ठेवू नका. २४ जानेवारी २०२३ ला याची रीत सोपी झाली. दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं. तुमच्या वतीनं बोलणाऱ्या एकापेक्षा जास्त माणसांची नावं त्यात घालता येतात. प्रत घरच्या डॉक्टरांकडं आणि ग्रामपंचायतीच्या जबाबदार अधिकाऱ्याकडं द्यायची. ती वेळ आली तरी निर्णय कुणा एकाचा नसतो. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांच्या अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचं पहिलं मंडळ, मग दुसरं मंडळ, त्यानंतरच यंत्र काढतात. विषाचं इंजेक्शन देणं ही निराळी गोष्ट, तो आपल्याकडं गुन्हा आहे.

यात 'व्हेंटिलेटर नको' एवढंच लिहू नका. न्यूमोनियात चार दिवस व्हेंटिलेटर लागून माणूस चालत घरी येतो, ते हवंच. नको आहे ते परतीची वाट बंद झाल्यावरचं. म्हणून आजार बरा होणारा नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावर श्वासाचं यंत्र, डायलिसिस, नाकातून अन्नाची नळी, बंद पडलेलं हृदय दाबून चालू करणं, यांतलं काय चालेल आणि काय नाही हे एकेक करून लिहा. वेदना कमी करायचं औषध मात्र शेवटपर्यंत हवं, हे ठळक लिहा.

घरीच जायचं असेल तर घरच्यांना काही गोष्टी आधी माहीत हव्यात. शेवटच्या दिवसांत भूक मरते. उपाशी राहिल्यानं माणूस जात नसतो. जायला निघाल्यामुळं त्याचं खाणं सुटतं. तेव्हा जबरदस्तीनं भरवलं तर घास फुफ्फुसात जातो. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर जखमा होतात. ओठ-जीभ ओल्या कापसानं पुसत राहायचं. आणि गंगाजल: बेशुद्ध माणसाच्या तोंडात चमच्यानं ओतायचं नाही, ठसका लागून गुदमरतो. कापसाचा बोळा गंगाजलात भिजवून ओठांना लावायचा. तुळशीचं पान ओठांवर ठेवा, घशात नको. देव एवढ्यावर नाराज होत नाही. घरघर सुरू झाली की घरचे घाबरतात. साठलेली लाळ गिळता येत नाही, तिचा तो आवाज. एका कुशीवर वळवलं की पुष्कळदा कमी होतो.

बापूंनी नेत्रदानाचा अर्ज भरलाय, ते छान. पण नुसत्या कार्डानं नेत्रदान होत नाही, त्या क्षणी घरच्या कुणीतरी नेत्रपेढीला फोन करावा लागतो. सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, म्हणून नंबर फोनच्या वहीत पहिल्या पानावर लिहा. पथक येईपर्यंत पापण्या मिटवायच्या, वर ओल्या कापसाच्या पट्ट्या, डोक्याखाली दोन उशा, पंखा बंद. उकाड्यात नातेवाईक नेमका पंखा लावतात आणि बुबुळ वाळतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो, चष्मा असो, साखर असो, डोळे चालतात. एचआयव्ही, रेबीज, कावीळ बी-सी किंवा रक्तात जंतू पसरलेले असले तर चालत नाहीत. काढायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, चेहरा विद्रूप होत नाही.

देहदानाचं बापू मागं बोलले होते. त्याचा अर्ज इथल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळेल. जवळच्या नातेवाइकांच्या सह्या लागतात. शवविच्छेदन झालेला किंवा संसर्गजन्य आजाराचा देह ते घेत नाहीत, म्हणजे दुसरी सोय मनात हवीच. आणि देह दिला की राख सावडणं नाही, गंगेला अस्थी नाहीत. आईला हे चालणार आहे का, हे तिला आत्ताच विचारा.

क्रियाकर्माचं तुमचं तुम्ही लिहा. अस्थी गंगाखेडला की नांदेडच्या घाटावर, की थोडी राख आखाड्यावरच्या आंब्याच्या आळ्यात. दहावा-तेरावा करायचा तर किती माणसांचा. रकमेचा आकडा घाला. तुम्ही आकडा घातला नाही तर तो भावकी घालील, आणि भावकीचा आकडा दुसऱ्याच्या खिशातला असल्यामुळं मोठाच असतो. गावजेवणाला उसनवारी करायची नाही, हे वाक्य बापूंच्या अक्षरात असलं तर दादाला कुणाशी वाद घालावा लागणार नाही. भजनी मंडळ मात्र बोलवू, त्याला पैसे लागत नाहीत.

मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत, आणि जिथं मृत्यू झाला तिथं. हे लोक चुकतात. नांदेडच्या दवाखान्यात गेलेल्या माणसाची नोंद नांदेड महापालिकेत होते, गावच्या ग्रामपंचायतीत नाही. तीस दिवस उलटले की वरची परवानगी आणि विलंब शुल्क, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. दवाखान्याच्या कागदावर नाव लिहून घेतात तेव्हाच आधार पुढं करायचं, नंतरची दुरुस्ती जिवावर येते. दहा प्रती काढायच्या.

राहिलं ते मागं उरणाऱ्याचं. दोघं एकदम सहसा कोणी जात नाही. उरलेल्यानं कुठं राहायचं? दादा पुण्याला नेतो म्हणेल, मी इथं ये म्हणेन, आणि दोघांनाही मनापासून वाटेल. पाव्हण्यांना तुम्ही दादाचा फ्लॅट आणि माझी नोकरी आपलं यश म्हणून सांगता, पण चौथ्या मजल्यावर आईला बोलायला कोण आहे? तिला गावात राहायचं असेल तर त्यासाठी काय लागेल ते आत्ता मोजू: रात्री सोबतीला बाई, न्हाणीघरात धरायला दांडा, महिन्याची औषधं, सालगड्याचा हिशेब कुणी बघायचा. बापू एकटे उरले तर त्यांना भाकरी थापता येत नाही. हे आतापासून शिकता येतं, पीठ मळायला वयाची अट नाही.

शनिवारी येते. सातबारा, आठ-अ, पेन्शनचं पुस्तक, ठेवींच्या पावत्या आणि ती पत्र्याची पेटी ओट्यावर काढून ठेवा. दादाही व्हिडिओ कॉलवर असेल, त्याच्या माघारी काही लिहायचं नाही. बापू, तोवर विहिरीच्या पाळीचं आईशी बोलून ठेवा. मोटार रोज तीच चालू करते, कोणत्या महिन्यात पाणी किती तास टिकतं ते तिला पाठ आहे.

तुमची,
माई